परमिट मागायलाच हवं

दरवर्षी मे-जून आला, म्हणजे इकडे ऑस्ट्रेलियात थंडी सुरू झाली, की पर्थमधल्या आपल्या मराठी मंडळींत वाळवंटाच्या ट्रिपचा विषय हमखास निघतो. फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन झालेली असते, टपावरचा तंबू घेऊन झालेला असतो, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ बघून झालेले असतात, आणि मग कुणीतरी रूट ठरवायला बसतो आणि त्याला कळतं की वाळवंटातून जाणाऱ्या ॲन बीडेल हायवेवरून जायचं तर तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी अर्ज करून परमिट काढावं लागतं. मग सुरू. "रस्ता सरकारने बांधलाय, टॅक्स आपण भरतो, आणि जाताना परवानगी तिथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या कौन्सिलची घ्यायची? हे कुठलं लॉजिक?" असं बोलणारे काही वाईट लोक नाहीत हो, माझेच मित्र आहेत, अडीअडचणीला रात्री बारा वाजता धावून येणारे. पण या एका बाबतीत ते साफ चुकतायत असं मला वाटतं, आणि का वाटतं ते जरा सविस्तर लिहितो कारण पार्टीत हे बोलायला लागलं की पाच मिनिटांत विषय क्रिकेटवर जातो.

"रस्ता सरकारने बांधलाय" हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण कशासाठी बांधला आणि बांधताना कुणाला विचारलं, हे बघितलं की परमिटचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी बांधणाऱ्याबद्दल, कारण तो माणूस भारीच होता. लेन बीडेल. जन्म १९२३, सिडनीजवळचा, पेशाने सर्व्हेअर, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सर्व्हे तुकडीत होता. १९४७ पासून त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियात वूमेराच्या रॉकेट रेंजची आखणी केली आणि पुढे १९५५ ते १९६३ या काळात सहा-सात जणांची टोळी घेऊन सहा हजार किलोमीटरच्या वर रस्ते काढले, तेही अशा मुलखात जिथे त्याआधी एक चाकोरीसुद्धा नव्हती. व्हिक्टोरी डाउन्सपासून कार्नेगी स्टेशनपर्यंतचा (इथे स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, गुरांचं मोठं फार्म) गनबॅरल हायवे हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, जवळजवळ १४०० किलोमीटर, १९५८ मध्ये पुरा झाला. मुंबईहून दिल्लीला जाऊ तेवढं अंतर, आणि माणसं एका जीपगाडीत आणि एका ट्रकमध्ये मावतील एवढी.

काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. बीडेल लँडरोव्हर घेऊन एकटाच पुढे निघायचा, झुडपं तुडवत, स्पिनिफेक्सचं काटेरी गवत आणि मल्गाची झाडं यांच्यातून वाट काढत. मल्गाच्या मोडलेल्या फांद्यांचे खुंट सुळ्यासारखे टोकदार असतात, टायर फाडतात, म्हणजे दिवसभर गाडी चालवायची आणि मधे मधे खाली उतरून ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, हातपंपाने हवा भरायची, पुन्हा निघायचं, आणि हे सगळं चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत. रात्री झोप नाही, कारण रात्र ही खऱ्या कामाची वेळ. थिओडोलाइट (कोन मोजायचं सर्व्हेअरचं यंत्र) लावायचा, रेडिओवरून टाइम सिग्नल घ्यायचा, एकेका ताऱ्याचा कोन वाचायचा, मग टॉर्चच्या उजेडात लॉग टेबल उघडून आकडेमोड करत बसायचं, तेव्हा कुठे कळणार की आपण नक्की कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत. जीपीएस नाही, धड नकाशा नाही, कारण नकाशा तोच करत होता. पुढची दिशा ठरली की मागे टोळीकडे यायचं. मग तो एखाद्या टेकाडावर चढून आरशाने उन्हाचा कवडसा मागे पाडायचा किंवा हवाई उडवायचा आणि बुलडोझरवाला त्या चमकेकडे नाक करून झाडं पाडत सरळ यायचा. त्याच्यामागून ग्रेडर, पुन्हा पुन्हा फिरून माती सारखी करणारा. झाला रस्ता. खडी नाही, डांबर नाही, गटार नाही, पूल तर नाहीच. एका ठिकाणी त्याचे डोळे आले (त्या दुखण्याला इकडे सँडी ब्लाइट म्हणतात) म्हणून त्या जागेचं नाव सँडी ब्लाइट जंक्शन पडलं. बायकोच्या नावाने ॲन बीडेल हायवे, मुलीच्या नावाने कॉनी स्यू हायवे (ही मुलगी काही महिन्यांची असताना आईबापांबरोबर त्याच कामावर होती), मुलाच्या नावाने गॅरी हायवे, धाकटीच्या नावाने जॅकी जंक्शन. ठरावीक ठिकाणी तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकून ठोकून अक्षांश, रेखांश, तारीख उमटवायचा आणि ती पाटी झाडाला नाहीतर खांबाला लावायचा. त्यातल्या काही मूळ पाट्या हौशी लोकांनी आठवण म्हणून उपटून नेल्या, आता बऱ्याच जागी नकला लावल्यात.

हे सगळं वाचून माणूस प्रेमात पडतो. मीही पडलो. त्याची भाषणं ऐकली तर हसून हसून मरायची वेळ येते, कारण स्वतःचीच टर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि इथेच गोची आहे. गोष्ट इतकी रंगतदार आहे की रस्ता का हवा होता हे विचारायचं राहूनच जातं.

तर का हवा होता? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला जर्मनांच्या रॉकेटसारखी लांब पल्ल्याची अस्त्रं करायची होती आणि ती उडवून बघायला त्यांच्या बेटावर जागा नव्हती. ऑस्ट्रेलियाने जागा दिली. वूमेरापासून वायव्येला थेट हिंदी महासागराच्या किनाऱ्यापर्यंत नकाशावर एक पट्टा आखला, रॉकेट त्याच्यावरून जाणार आणि बिघडलं तर त्याच्यातच पडणार. मग अणुबॉम्ब आला. पंतप्रधान मेन्झीस यांनी १९५० मध्ये ब्रिटनची विनंती आली तशी मान्य केली, मंत्रिमंडळाला विचारायची सुद्धा तसदी घेतली नाही. मुख्य भूमीवर पहिल्या चाचणीसाठी जागा शोधायचं काम आलं बीडेलकडे. त्याने ईमू फील्ड शोधलं, जिथे विमान उतरेल असं कडक मातीचं सपाट मैदान होतं, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये तिथे दोन स्फोट झाले. ती जागा फारच आडवळणाची पडली म्हणून त्यानेच दक्षिणेला मारालिंगाची जागा शोधली, तिथे १९५६ आणि १९५७ मध्ये मिळून सात स्फोट. गनबॅरल रस्त्यावरचं गाईल्स हवामान केंद्र १९५६ चं, वरच्या हवेतला वारा कुठे वाहतोय ते कळावं म्हणून, कारण वारा कळल्याशिवाय बॉम्ब फोडता येत नाही. ती जागासुद्धा त्यानेच निवडली. बाकीचे रस्ते रॉकेटच्या पट्ट्याखालच्या मुलखात सर्व्हे करायला, पडलेलं शोधायला, आत-बाहेर करायला. गुरं न्यायला नाही, टुरिस्टांसाठी तर मुळीच नाही.

आता माझा खरा मुद्दा. या सगळ्या खटाटोपाची अचूकता बघा. रात्ररात्र जागून तारे मोजले, ओसाड माळावरच्या एका झाडाचा अक्षांश-रेखांश पत्र्यावर ठोकला. आणि त्याच मुलखात माणसं किती राहतात, कुठल्या पाणवठ्यावर कुठल्या महिन्यात असतात, याचा पत्ता त्याच सरकारला नव्हता. ते शोधायला ठेवला होता एक माणूस. वॉल्टर मॅकडूगल, हुद्दा नेटिव्ह पॅट्रोल ऑफिसर, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या मुलखात गस्त घालणारा, आणि त्याच्या हद्दीत लाखो चौरस किलोमीटर. त्याच्या मदतीला दुसरा ऑफिसर, रॉबर्ट मॅकॉले, आला तो थेट १९५६ मध्ये, म्हणजे ईमूचे दोन्ही बॉम्ब फुटून गेल्यावर. तोपर्यंत बुलडोझर होता, ग्रेडर होता, विमानं होती, शास्त्रज्ञांच्या फौजा होत्या, फक्त माणसं शोधायला एकच माणूस. हे पैशाअभावी झालं असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं.

बरं हा मॅकडूगल गप्प बसणारा नव्हता. गाईल्सचं केंद्र ॲबोरिजिनल लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीत होतंय, रस्ता त्यांच्या पाणवठ्यांजवळून जातोय, याने त्यांचं जगणं मोडेल, हे तो वरिष्ठांना सांगत राहिला. त्याला काय उत्तर मिळालं? अस्त्रसंशोधनाचे प्रमुख शास्त्रज्ञ ॲलन ब्यूटमेंट यांनी १९५६ मध्ये लिहिलं की हा गृहस्थ मूठभर नेटिव्हांच्या प्रश्नांना ब्रिटिश राष्ट्रकुलापेक्षा मोठं समजतोय. मूठभर! मोजलं कुणी होतं? त्या वेळच्या ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत कलम १२७ होतं, देशाची लोकसंख्या धरताना ॲबोरिजिनल लोकांना धरायचं नाही असं सांगणारं, ते १९६७ च्या सार्वमतात निघालं. म्हणजे मोजायचंच नाही असं ठरवायचं आणि मग संख्या किरकोळ आहे म्हणून हात झटकायचे, असा हा कारभार.

परिणाम काय झाले ते १९८४-८५ च्या मॅक्लेलंड रॉयल कमिशन या सरकारी चौकशी आयोगासमोर आलं. ईमूचा पहिला स्फोट ज्या वाऱ्यात केला त्या वाऱ्यात तो करायलाच नको होता, असं कमिशनने म्हटलं. वॉलाटिना भागातल्या लोकांनी काळ्या धुक्याचा ढग अंगावरून गेल्याचं सांगितलं. त्यांच्यातला यामी लेस्टर तेव्हा लहान मुलगा होता, पुढे त्याची दृष्टी गेली, आणि आयुष्यभर तो या प्रश्नावर लढत राहिला. मे १९५७ मध्ये तर मारालिंगाला एक अख्खं कुटुंब, नवरा-बायको, दोन मुलं आणि कुत्री, आदल्या वर्षीच्या स्फोटाने पडलेल्या खड्ड्याजवळ मुक्काम करून असलेलं सापडलं. पाट्या लावलेल्या होत्या म्हणे. इंग्रजीत! ते लोक नेहमीच्या वाटेने चालत आले होते, एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे. त्यांना अंघोळ घातली, अंगावर यंत्र फिरवून बघितलं, कुत्री गोळ्या घालून मारली, आणि गाडीत बसवून लांब दक्षिणेला यालाटाला नेऊन सोडलं. त्यांच्या लोकांचा ओल्डिया हा जुना पाणवठा, तिथलं मिशन १९५२ मध्येच बंद करून माणसं यालाटाला हलवली होती, समुद्राच्या बाजूला, जो त्यांचा मुलूखच नव्हे.

"पण तेव्हा कुणाला माहीत होतं तिथे लोक आहेत ते?" हा प्रश्न नेहमी येतो. माहीत होतं. बीडेलला स्वतःला माहीत होतं. ईमूच्या आसपास फिरताना त्याला एका सपाट जागेवर ओळीने उभ्या केलेल्या दगडी पट्ट्या सापडल्या होत्या, कुणीतरी हाताने, हिशेबाने रोवलेल्या, आणि त्याने त्याबद्दल मोठ्या कौतुकाने लिहिलंय. ते बघून त्याला वाटलं असणारच की ही कुणाची तरी महत्त्वाची जागा आहे. मग काम पुढे चालू राहिलं. मी त्याला खलनायक करत नाहीये. त्याला साहेबांनी जागा शोधायला सांगितली, त्याने शोधली, उत्तम शोधली. पण "मी फक्त रस्ता काढला" हे उत्तर सर्व्हेअरला पुरत नाही, कारण जमिनीवर सगळ्यात आधी पाय ठेवणारा तोच असतो, तिथे काय आहे हे त्यालाच सगळ्यात आधी दिसतं. त्याच्या नकाशावर जे येत नाही ते पुढच्या कुठल्याच साहेबाच्या टेबलावर येत नाही. मॅकडूगल पण त्याच सरकारचा पगार खात होता, आणि त्याने तक्रार केली. म्हणजे त्या काळात सगळेच तसा विचार करायचे हा बचावसुद्धा टिकत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मित्रांच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. या रस्त्यांचा फायदा पुढे त्याच लोकांनी करून घेतला. पिंटुपी या वाळवंटातल्या ॲबोरिजिनल लोकांना पूर्वेला पापुन्यासारख्या वस्त्यांत आणून ठेवलं होतं, तिथे रोगराईने आणि दुःखाने माणसं गेली, आणि १९८० च्या दशकात ते परत आपल्या मुलखात जायला निघाले. किंटोर वसलं, किविरकुरा वसलं. दोन्ही बीडेलच्याच रस्त्यांवर. बोअर मारायचं मशीन त्या रस्त्याने गेलं, शाळेचं सामान गेलं, नर्स गेली. ॲन बीडेल हायवेवर इलकुर्लका नावाचं रोडहाऊस आहे, आजूबाजूला शेकडो किलोमीटर काही नाही, ते तिथल्या ॲबोरिजिनल लोकांचं, म्हणजे स्पिनिफेक्स लोकांचं, स्वतःचं आहे. याच स्पिनिफेक्स लोकांनी जमिनीच्या दाव्यात आपली चित्रं पुराव्यासारखी पुढे ठेवली आणि २००० मध्ये कोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला. तेव्हा रस्ता वाईटच, असं मी म्हणणार नाही. बॉम्बसाठी काढलेल्या वाटेने लोक घरी परत गेले, हेही खरंय. पण यातून "मग आता सगळं सगळ्यांचं" असं कसं निघतं ते मला कळत नाही. उलट आता तो रस्ता त्यांच्या घरातून जातो हे तर आणखीनच पक्कं झालं.

आणि सरकारनेसुद्धा उशिरा का होईना हे मान्य केलंय. मारालिंगाची जमीन परत देण्याचा कायदा १९८४ चा. पण चाचण्यांची मुख्य जागा लगेच देता येईना, कारण १९६० च्या सुमारास केलेल्या तथाकथित किरकोळ प्रयोगांत तिथे प्लुटोनियम विखुरलं होतं. १९९६ ते २००० मध्ये शंभर मिलियन डॉलरच्या वर खर्चून साफसफाई झाली, ती जागा परत मिळाली २००९ मध्ये. वूमेराचा संरक्षित पट्टा आजही चालू आहे आणि तिथून जायचं तर संरक्षण खात्याची परवानगी लागते. गंमत म्हणजे या परवानगीबद्दल मी आमच्या मंडळींकडून एक अक्षर तक्रार ऐकलेली नाही. फौजेने फॉर्म भरायला सांगितला की आपण मुकाट भरतो, घरमालकाने सांगितला की लॉजिक विचारतो.

परमिट म्हणजे नेमकं काय, हे पण बघा एकदा. लॅव्हर्टनवरून उलुरूकडे जाणाऱ्या ग्रेट सेंट्रल रोडसाठी दोन परमिटं लागतात, एक वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं आणि एक नॉर्दर्न टेरिटरीचं. फुकट. घरी बसून ऑनलाइन. अटी काय? रस्ता सोडून आत घुसू नका, दारू आणू नका, वस्त्यांत विचारल्याशिवाय शिरू नका. त्या रस्त्यावर गेलात तर अटींची कारणं डोळ्यांना दिसतात. रस्त्यावर आडव्या बारीक लाटा असतात, अख्खी गाडी दात वाजवल्यासारखी थडथडते, टायरची हवा कमी केल्याशिवाय चालवता येत नाही, आणि दर थोड्या अंतरावर उलटून पडलेली, काच-दारं-चाकं सगळं काढून नेलेली एखादी जुनी गाडी. वाटेवरच्या वॉरबर्टन वस्तीत साध्या पेट्रोलऐवजी ओपल नावाचं वेगळं इंधन मिळतं, हुंगून नशा होऊ नये म्हणून त्यातले नशा आणणारे घटक कमी केलेलं. हा काही ॲडव्हेंचर पार्क नाही, तिथे माणसं आपल्या अडचणींसकट राहतायत, मुलं शाळेत जातायत, म्हातारे डायलिसिसला जातायत. तुम्ही रस्ता सोडून आत कुठे गाडी रुतवून बसलात तर शोधायला यायचं तेही त्यांनीच.

जाता जाता एक. हे सगळं गोऱ्यांचं आणि ॲबोरिजिनल लोकांचं भांडण, आपण काय नंतर आलेले, आपला संबंध नाही, असंही काहीजण म्हणतात. पूर्णपणे तसंही नाही. बीडेलच्या लँडरोव्हरच्या आधी या वाळवंटात माल नेणारे उंट आणि उंटवाले १८६० च्या दशकात कराचीहून बोटीने आले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्यांना इथे सरसकट अफगाण म्हणायचे. आपल्या भागातली माणसं या वाटांवर दीडशे वर्षांपूर्वी राबून गेलीयत, आणि उंटांचे तांडे पाणवठ्यांवर उतरले की तिथल्या लोकांच्या पाण्याचं काय व्हायचं हेही त्या इतिहासात आहेच.

आता परमिटच्या सिस्टीमवर माझीही तक्रार आहे, नाही असं नाही. ॲन बीडेलसाठी इतक्या ठिकाणी अर्ज करायचे, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, एकाचं उत्तर आलं की दुसऱ्याची तारीख उलटलेली, हे नीट करता येईल. एकच खिडकी करा, तिथे एकच फॉर्म भरून घ्या आणि तो ज्याच्या त्याच्याकडे पाठवा. पण हो-नाही म्हणायचा अधिकार जमीनमालकांकडेच राहू द्या. आणि रस्त्यांच्या तोंडाशी जे बोर्ड आहेत त्यांच्यावर बीडेलचं कौतुक जरूर लिहा, त्याच्या शेजारी मॅकडूगलचं नाव लिहा, रस्ता कशासाठी काढला ते एका ओळीत लिहा, आणि तो ज्यांच्या मुलखातून जातो त्यांची नावं त्यांना विचारून लिहा. यात बीडेलचा अपमान कसला? पत्र्यावर खरी तारीख आणि खरा अक्षांश ठोकायचा हा त्याचाच नियम होता की.

तेव्हा यंदा जाणार असाल तर महिना-दीड महिना आधी अर्ज टाका. कधी कधी त्या भागात कुणाचं मयत असतं किंवा त्यांचे विधी चालू असतात आणि रस्ता बंद ठेवतात, कारण सांगत नाहीत, सांगायची गरजही नाही. तसं झालं तर कालगूर्लीला थांबा, मोठी खाण बघा, पब आहेत, हॉटेलं आहेत, दोन दिवस उशिरा निघालात तर काही बिघडत नाही.